याक्ग्वा हसू नये म्हणून

याक्ग्वा म्हणजे मैद्याची वडी तळून पाकात मुरवलेला कोरियन गोड पदार्थ. तो बिघडतो तो बहुतेक वेळा परातीत. कढईत फक्त ते उघडं पडतं. मैद्याचा गोळा पोळीच्या कणकेसारखा तिंबून मऊ केला की पदर सुटायचे राहतात, तळल्यावर जाड बिस्कीट हाती येतं आणि पाक आत शिरतच नाही. घरी करून पाहणाऱ्यांच्या तक्रारी दोनच असतात: एक तर "दगड झाला", नाहीतर "तेलात विरघळला". ज्या घरात दिवाळीला चिरोटे आणि अनारसे होतात त्या घरात या दोन्हींची कारणं आधीपासून ठाऊक असतात, फक्त ती या वडीला लावून बघायची असतात.

कोरियातल्या पारंपरिक गोडाधोडाला मिळून हांग्वा म्हणतात. भाजलेली पिठं मधात कालवून साच्यात दाबलेले दासिक, पाकात मुरवलेल्या आल्याची किंवा कमळकाकडीची जॉन्ग्वा, तीळ-दाण्याच्या चिक्कीची सख्खी बहीण शोभेल अशी यॉत-गांगजॉन्ग, हे सगळं त्यातच येतं. तळणीच्या पदार्थांत दोन घराणी मोठी. गव्हाच्या पिठाचं युमिल्ग्वा आणि चिकट तांदळाचं युग्वा. 'यु' म्हणजे तेल, 'मिल' म्हणजे मध. याक्ग्वा हा युमिल्ग्वाच, आणि त्यातला 'याक' म्हणजे औषध, कारण मधाला औषध मानत. गोर्यो राजवटीत सण-समारंभात हे पदार्थ इतके होऊ लागले की ११९२ मध्ये त्यांवर बंदी घालावी लागली. धान्य, मध आणि तेल तिघांचाही फडशा पडत होता. आजही चुसॉक या सुगीच्या सणाला पूर्वजांपुढे मांडलेल्या ताटांत याक्ग्वाची चळत असते. चुसॉक बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपद पौर्णिमेलाच येतो, म्हणजे इकडे पितृपक्ष लागतो त्याच सुमाराला.

याक्ग्वाचे दोन प्रकार ओळखून ठेवा. एक फुलाच्या साच्यातला, आतून एकसंध आणि चिवट-मऊ. दुसरा केसॉन्ग पद्धतीचा, चौकोनी आणि पदरांचा. केसॉन्ग हे गाव आता उत्तर कोरियात आहे. घरी पहिल्यांदा करायचा तर चौकोनीच करा. तुळशीबागेत पेढ्याचे आणि मोदकाचे साचे ढिगाने मिळतात, उथळ साचा चालतोही, पण हे भुसभुशीत पीठ साच्यातून सोडवताना कडा तुटतात, आणि कडा तुटली की तळताना तिथूनच चुरा सुटतो.

पंचवीस-तीस वड्यांसाठी २५० ग्रॅम मैदा, ३ ग्रॅम मीठ, पाव चमचा दालचिनीची पूड, चिमूटभर पांढरी मिरपूड. तिळाचं तेल ५५ ग्रॅम. मध आणि साखरेचा पाक मिळून ७५ ग्रॅम. सोजू, म्हणजे कोरियातली पारदर्शक दारू, ६५ ग्रॅम. आल्याचा गाळलेला रस एक चमचा. वजनकाटा वापरा, वाटीने मोजू नका. इथे दहा ग्रॅम तेल इकडेतिकडे झालं तरी पदार्थ बदलतो.

आता यातल्या एकेका गोष्टीबद्दल. मैद्याच्या पाकिटावर प्रथिनं बघा. १०० ग्रॅमला १० च्या आसपास असतील तर उत्तम. ११-१२ लिहिलं असेल तर २५ ग्रॅम मैदा काढून तेवढंच कॉर्नफ्लोअर घाला, म्हणजे चिवटपणा आटोक्यात राहतो. तिळाच्या तेलात मात्र फसगत होते. आपल्याकडे लाकडी घाण्यावर मिळतं ते कच्च्या तिळाचं, फिकट आणि सौम्य. कोरियन चामगिरुम भाजलेल्या तिळाचं, रंगाने कोऱ्या चहासारखं. याक्ग्वाचा ओळखीचा वास या भाजलेल्या तेलाचाच असतो. मोठ्या सुपरमार्केटात आशियाई मसाल्यांच्या फळीवर ते मिळतं. महाग वाटलं तर निम्मं ते आणि निम्मं घाण्याचं घ्या. साजूक तूप घातलं तर वाईट होत नाही, पण मग ती पाकातली शंकरपाळी झाली, तिला याक्ग्वा कशाला म्हणायचं?

पिठात नुसता मध घातला तर वडी आत शिजायच्या आधी बाहेरून काळी पडते, कारण मधातली साखर लवकर करपते. म्हणून निम्मा मध आणि निम्मा समभाग साखर-पाण्याचा उकळून गार केलेला पाक. सोजूचं काम दुहेरी आहे. मद्यार्कात मैद्याचं चिवट जाळं नीट तयार होत नाही, आणि तळताना तो पाण्याच्या आधी उडून जातो, त्यामुळे पदरांत पोकळी राहते. सोजू नसेल तर वोडका आणि पाणी निम्मं-निम्मं. ताकद साधारण तेवढीच येते. घरात दारू चालत नसेल तर फ्रिजमधलं गार पाणी ५५ ग्रॅम घ्या. पदर थोडे कमी उमलतील, एवढाच फरक.

आता कृती. शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो, इथे तेल थंडच घालायचं. मैदा, मीठ आणि मसाला एकत्र करून त्यावर तेल ओता आणि दोन्ही तळव्यांत चोळा. मूठ वळली पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटली पाहिजे. मग हे सगळं पीठ रव्याच्या चाळणीतून चाळा. ही पायरी बरेच जण गाळतात. न चाळलेल्या पिठात तेलाच्या गुठळ्या राहतात, आणि तळताना नेमकी त्या जागी वडीला भोकं पडतात.

मध, पाक, सोजू आणि आल्याचा रस एका भांड्यात ढवळून घ्या आणि पिठावर तीन वेळा फिरवून ओता. हात लावायचा नाही. उलथन्याने किंवा पसरट चमच्याने खालचं वर करत राहा. कोरडं पीठ दिसेनासं होत आलं की थांबा. इकडेतिकडे पांढरे डाग राहिले तरी चालतात. मग ओट्यावर काढून हाताने दाबत दीड सेंटीमीटर जाडीचा चौकोन करा, सुरीने मधोमध कापा, एक अर्धा दुसऱ्यावर ठेवा, पुन्हा दाबा. असं तीन वेळा, फार तर चार. पदर येतात ते या रचण्यातून. पाचव्या-सहाव्या वेळेला ते एकमेकांत मिसळून जातात आणि केलेली मेहनत पाण्यात. चिरोट्याला साटा लावून आपण जे साधतो ते इथे नुसत्या कापून रचण्याने साधतं, कारण तेल आधीच पिठाच्या कणाकणाला लागलेलं असतं.

झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये. एप्रिल-मेमध्ये हे टाळूच नका, पुण्याच्या दुपारी ओट्यावर ठेवलेल्या पिठातून तेल सुटून बाहेर येतं. नंतर ८ ते १० मिलिमीटर जाड लाटा, चारी कडा सुरीने सरळ छाटा (दबलेल्या कडेला पदर उघडत नाहीत) आणि साडेतीन सेंटीमीटरचे चौकोन कापा. प्रत्येकाला मध्ये काट्याने आरपार टोचा.

तळणीसाठी वासाचं तेल नको. शेंगदाण्याचं फिल्टर तेल तिळाच्या वासावर कुरघोडी करतं. सूर्यफूल किंवा राइस ब्रान बरं. एक लिटर तेल, जाड बुडाची कढई, एका वेळी दहा-बारा वड्या. आणि थर्मामीटर. अंदाजाने तळणाऱ्या सुगरणीचा हात कितीही तयार असला तरी त्या हाताला सवय असते ती तापलेल्या तेलाची, आणि हे तेल आपल्या लेखी तापलेलंच नसतं. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात तपासा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ अंशांना उकळतं. १०० दिसले नाहीत म्हणून तो बिघडला असं समजू नका.

पहिलं तेल १०० ते ११० अंश. वडी सोडल्यावर तळाशी जाऊन बसते आणि बराच वेळ काहीच घडत नाही. इथे धीर सुटतो आणि माणूस गॅस मोठा करतो. करू नका. तीन-चार मिनिटांनी कडांना बारीक बुडबुडे येतात, वडी हळूहळू वर येते आणि बाजूने बघितलं तर वहीची पानं उघडावीत तसे पदर सुटायला लागतात. वर आल्यावर हलकेच उलटा. या तेलात एकूण १२ ते १५ मिनिटं. पदर उमलून थांबले की आच वाढवा, किंवा शेजारी दुसरी कढई तयार असेल तर तिच्यात घाला: १५० ते १६० अंश, पाच-सहा मिनिटं, उलटत-पालटत. रंग अक्रोडाच्या कवचाचा हवा, पण त्याच्या एक छटा आधीच काढा. बाहेर काढल्यावरही रंग चढतो आणि पाकात आणखी गडद होतो.

आता हसण्याबद्दल. अनारसा तुपात पसरून विखुरला की आपण तो हसला म्हणतो, आणि कारण बहुधा गूळ जास्त झालेला असतो. याक्ग्वाही तसाच हसतो. तेल किंवा मध जास्त पडला, तळणीचं तेल ९० च्या खाली गेलं, किंवा एकदम वीस वड्या सोडल्याने तेल एकाएकी थंड झालं, तर कडेचे पदर सुटून तरंगायला लागतात आणि कढईत नुसता चुरा. म्हणून आधी एकच वडी सोडून बघा. ती हसली तर उरलेल्या पिठावर एक-दोन चमचे मैदा भुरभुरून एकदा कापून-रचून घ्या. मळून दुरुस्त करायला गेलात तर हसणं थांबेल आणि दगड होईल. याच्या उलट, वडी पुरीसारखी फुगली आणि आत पोकळी झाली तर समजा की पहिलं तेल १३० च्या वर होतं किंवा टोचायचं राहिलं. बाहेर पापुद्रा आधी धरला, वाफेला वाट मिळाली नाही. अशी वडी कापली तर मध्ये कच्च्या पिठाची रेघ दिसते.

तळून झालेल्या वड्या जाळीवर उभ्या ठेवा, पदरांची तोंडं खाली. आडव्या ठेवल्या तर तेल पदरांत साचून राहतं आणि जिथे तेल आहे तिथे पाक जाऊ शकत नाही. दहा मिनिटं पुरे.

पाक हा या पदार्थाचा अर्धा भाग आहे, आणि इथेच आपली सवय आड येते. एकतारी पाक केलात तर दुसऱ्या दिवशी वडीवर साखर बसलेली दिसेल. चिरोट्याला, बालुशाहीला ती शोभते. याक्ग्वा मात्र ओलसर, चकचकीत राहायला हवा. कोरियात यासाठी जोचॉन्ग वापरतात. शिजलेला भात आणि मोड आणून वाळवलेल्या जवाचं पीठ यांचं पाणी आटवून केलेली ती काकवीसारखी चाटण आहे. तिच्यात उसाची साखर नसते, माल्टोज असतं, आणि ते सहजासहजी दाणेदार होत नाही.

घरी करायचं तर ५०० ग्रॅम तांदळाचा मोकळा भात, १५० ग्रॅम मोडाच्या जवाचं भरडलेलं पीठ, दोन लिटर कोमट पाणी. जव कुस्करून त्याचं पाणी गाळा, भातात घाला आणि ६० ते ६५ अंशांवर सहा तास ठेवा. ७० च्या वर गेलात तर मोडातली पाचक द्रव्यं मरतात आणि नुसती पेज उरते. भाताची शितं पोकळ होऊन वर तरंगायला लागली की काम झालं. फडक्यातून पिळून काढा आणि जाड पातेल्यात आटवा, शेवटी सतत ढवळत. चमच्यावरून सलग, जाड धार पडली की उतरवा. गार झाल्यावर आणखी घट्ट होतं.

एवढा खटाटोप नको असेल तर बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं. ते ३५० ग्रॅम, मध १०० ग्रॅम, काकवी दोन मोठे चमचे, पाणी १२० मिलिलिटर आणि आल्याच्या २० ग्रॅम चकत्या. काकवीमुळे जोचॉन्गचा तो खमंग गडदपणा बराचसा येतो. दोनपेक्षा जास्त चमचे घातले तर सगळ्याला गुळाची चव येते. एक-दोन उकळ्या आल्या, फेस वर आला की बंद. जास्त उकळलात तर गार झाल्यावर चिक्कीचा पाक होईल.

वडी गरमसर, पाक कोमट. दोन्ही कडकडीत असतील तर वडी लगदा होते, दोन्ही थंड असतील तर पाक पृष्ठभागावरच राहतो. वड्या सोडल्यावर बारीक बुडबुडे येऊ लागले तर निश्चिंत व्हा, पाक आत चालला आहे. सहा ते आठ तास, मध्ये एकदा उलटून. मग जाळीवर निथळत ठेवा, शक्यतो एक दिवस. लगेच खाल्ला तर तेलकट वाटतो. दुसऱ्या दिवशी चव बसते. वरून भोपळ्याच्या बियांचे तुकडे किंवा बारीक कापलेले चिलगोजे. फ्रिजमध्ये ठेवू नका, कडक होतो. थंडीत डब्यात आठवडाभर टिकतो; त्याहून जास्त ठेवायचा तर एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये, आणि खाताना अर्धा तास आधी बाहेर.

मेजाक्ग्वा याच घराण्यातला, पण सोपा. नावाचा अर्थ प्लमच्या फुलांत बसलेली चिमणी. मैदा, मीठ, आल्याचा रस आणि पाणी. ही कणीक मात्र नीट मळायची. दोन-तीन मिलिमीटर जाड लाटून ५ बाय २ सेंटीमीटरच्या पट्ट्या, प्रत्येकीला मध्ये तीन उभ्या चिरा, मधली जराशी लांब, आणि एक टोक त्या मधल्या चिरेतून उलटं काढायचं. १६० अंशांवर तळा, पाकात बुडवून लगेच काढा. लहान मुलांना कामाला लावायला याहून चांगली गोष्ट नाही.

गेल्या काही वर्षांत कोरियात केसॉन्ग जुआकची, म्हणजे चिकट तांदळाच्या तळलेल्या गोळ्यांची, फार हवा आहे. आजीच्या जमान्यातले गोड पदार्थ तरुण मुलांनी डोक्यावर घेतले, याक्ग्वासाठी ऑनलाइन रांगा लागल्या, त्याच लाटेत हाही आला. २०० ग्रॅम चिकट तांदळाचं कोरडं पीठ, ४० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम साखर, २ ग्रॅम मीठ, ९० मिलिलिटर माकगॉली म्हणजे तांदळाची आंबवलेली गढूळ दारू, आणि गोळा वळेल इतकं गरम पाणी. माकगॉलीऐवजी कोमट पाण्यात चिमूटभर यीस्ट आणि चमचाभर दही कालवून तासभर पीठ झाकून ठेवलं तरी जवळपास जातं. २५ ग्रॅमचे चपटे गोळे, मध्ये काडीने भोक. ते भोक शोभेचं नाही. चिकट तांदळाच्या पिठाला बाहेरून पापुद्रा धरला आणि आत वाफ कोंडली, तर गोळा कढईत फुटतो आणि गरम तेल अंगावर उडतं. ११० अंशांवर सुरुवात, तरंगले की हळूहळू १५० पर्यंत, सतत फिरवत. दोन गोळे एकमेकांना चिकटले तर ओढून सोडवू नका, साल सोलली जाते.

युग्वा हा या सगळ्यात अवघड, आणि गंमत म्हणजे पुण्याच्या उन्हाळ्याला सर्वांत साजेसा. त्याची अर्धी प्रक्रिया अनारशाची आणि अर्धी वाळवणाची आहे. तांदूळ मात्र चिकटच हवा, ज्यात अमायलोज (भात मोकळा ठेवणारं पिष्ट) जवळजवळ नसतं. अंबेमोहोर किंवा इंद्रायणी शिजल्यावर कितीही मऊ झाले तरी या कामाचे नाहीत, त्यांचा युग्वा फुलत नाही. आसामचा बोरा साउळ मिळाला तर तो, नाहीतर थाई चिकट तांदूळ.

अनारशाच्या तांदळाचं पाणी आपण रोज बदलतो. इथे बदलायचं नाही, आंबू द्यायचं. कोरियात थंडीच्या दिवसांत आठवडा-दोन आठवडे लागतात, मे महिन्यात पुण्यात त्याहून बरंच लवकर होतं. दिवस मोजण्यापेक्षा दाणा बघा. दोन बोटांत चुरडल्यावर भुकटी झाली आणि आंबूस वास सुटला की झालं. काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर सरळ फेकून द्या. मग वास जाईपर्यंत धुवा, निथळा, ओलंच दळा आणि चाळा. ५०० ग्रॅम तांदळाच्या पिठात एक चमचा भिजवलेल्या कच्च्या सोयाबीनचं वाटण आणि तीन चमचे सोजू घालून ३०-४० मिनिटं वाफवा. गरम असतानाच जाड लाकडी दांड्याने एकाच दिशेने घोटा, दहा-पंधरा मिनिटं, उचलल्यावर लांब दोरे येईपर्यंत. या घोटण्यात जी हवा कोंडली जाते तीच पुढे तळताना फुलते. हात दुखून अर्ध्यात थांबलात तर युग्वा आतून ठोकळा निघेल.

कॉर्नफ्लोअर पसरलेल्या ताटावर ओता, अर्धा सेंटीमीटर जाड लाटा, जरा आवळलं की बोटाएवढ्या पट्ट्या कापा. आता वाळवण. कोरियात हे उबदार जमिनीच्या खोलीत वाळवतात, ऊन दाखवत नाहीत. आपणही कुरडयांसारखं गच्चीवर टाकायचं नाही. ऊन लागलं की वरचा थर आधी आकसतो आणि तडे जातात. घरात, सावलीत, पंखा बंद. दिवसातून दोनदा उलटा. रात्री डब्यात भरून ठेवा म्हणजे आतला ओलावा बाहेरच्या थरात येतो, सकाळी पुन्हा पसरा. वाकवल्यावर किंचित वाकून मग मोडली, तर पट्टी तयार. पूर्ण खडखडीत वाळली तर मध्ये फुलत नाही, ओलसर राहिली तर मोठा फुगा येऊन खाली बसतो. पावसाळ्यात या भानगडीत पडू नका.

तळण्याआधी ब्रशने पीठ झटका, नाहीतर तेलात ते करपतं. पट्ट्या आधी साध्या थंड तेलात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. मग ११० अंशांच्या तेलात, आळसावलेल्या अळीसारख्या हलू लागेपर्यंत. आणि तिथून लगेच १६०-१७० च्या तेलात. साबुदाण्याची चिकवडी फुलते तशी पट्टी क्षणात कितीतरी पट होते. त्या वेळी दोन झाऱ्यांनी दोन्ही टोकं धरून सरळ ठेवा, नाहीतर ती वळून कोळंबी होते. रंग पांढराच राहिला पाहिजे.

वर कोमट जोचॉन्गचा पातळ हात द्या आणि लाह्यांत घोळवा. कोरियात यासाठी चिकट तांदळाची साळ भाजून फुलवतात, म्हणजे आपल्या साळीच्या लाह्याच. लक्ष्मीपूजनाच्या वेळी मंडईत मिळतात त्या चालतात, फक्त टरफलं एकेक करून निवडा. टरफल दातात अडकलं की एवढ्या दिवसांची मेहनत खाणाऱ्याच्या लक्षात राहत नाही, टरफल राहतं.